आजाऱ्याचा पेला

आमच्या कोल्हापूरच्या ख्रिस्ती मंडळीत तीन पंथांची माणसं आहेत आणि प्रभुभोजनाचा द्राक्षरस कसा घ्यायचा यावर तिघांचं कधी पटलेलं नाही. कुणाला एकाच पेल्यातून हवा, कुणाला काचेच्या छोट्या पेल्यांतून. एका गोष्टीवर मात्र सगळे एक: आजाऱ्याचा पेला. हुपरीहून घडवून आणलेला, चांदीचा, मेजावर पांढऱ्या रुमालाखाली झाकून ठेवलेला. पाळकसाहेब आजाऱ्याचं नाव घेतात, घरचं माणूस "हाय" म्हणतं, म्हणजे अजून आहे, आणि उपासनेनंतर तो पेला आजाऱ्याच्या उशाशी नेतात. माणूस गेलं असेल तर घरचे गप्प बसतात. मग पेला धुऊन कपाटात पालथा ठेवायचा.

मेजाची तयारी आणि कपाटाची किल्ली माझ्याकडे. तीस वर्षं प्रयोगशाळेत रक्त तपासलेला माणूस मी. कुणी चमत्कार म्हणालं की मला आधी नमुना खराब झाल्याचा संशय येतो.

माझी बायको निशिगंधा एकवीस दिवस बेशुद्ध होती. त्या रविवारी मी आजाऱ्याच्या पेल्यात द्राक्षरस ओतत असताना दवाखान्यातून फोन आला.

"काका, काकू गेल्या. लगेच या," नर्स म्हणाली.

मी फोन बंद करून खिशात टाकला. पेल्यावर रुमाल घातला. एक कोपरा वर राहिला म्हणून पुन्हा नीट घातला.

पाळकसाहेबांनी तिचं नाव घेतलं. तिची थोरली बहीण विठाबाई माझ्याकडे बघत होत्या. मला गप्प बसवेना. देवा, एवढं एक माणूस ठेव, बाकी काय न्यायचं ते ने, असं मनात ओरडलो आणि मोठ्यानं म्हणालो, "हाय."

प्रभूच्या मेजासमोर मी खोटं बोललो.

उपासना संपल्यावर रुमाल उचलला. पेला रिकामा होता. कडेला ओठांचा ओला ठसा होता. मी मेजापासून हललो नव्हतो.

फोन सुरू केला तसा वाजला. तीच नर्स, घाबरलेली.

"काका, काकू उठून बसल्यात! डॉक्टर म्हणत्यात मशीन चुकलं असंल. पन त्यांचं ओठ जांभळं झाल्यात, पुसलं तरी जाईनात. कुणी काय पाजलं का वो?"

तिसऱ्या दिवशी ती घरी आली. जेवायची, फिरायची, धुणंही वाळत घालायची. आपण होऊन मात्र बोलायची नाही. हात कायम गार.

"बरं वाटतंय न्हवं?" मी विचारलं.

"तुम्हीच सांगा की," ती म्हणाली.

पुढच्या रविवारी तिला घेऊन गेलो. पेला धुतला, कपाटात पालथा ठेवला, कुलूप लावलं आणि तिच्या शेजारी येऊन बसलो.

पाळकसाहेबांच्या हातात जुनीच यादी होती. त्यांनी सवयीनं नाव वाचलं, "निशिगंधाबाई."

विठाबाई हसल्या. "अवो पाळकसाहेब, ती बसलीया की इथं!"

तेवढ्यात कपाटातून आवाज आला.

"हाय."

दमलेला आवाज. निशिगंधाचा.

सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या.

मी शेजारी पाहिलं. तिचे जांभळे ओठ मिटलेले होते. तीही सगळ्यांसारखी कपाटाकडेच बघत होती. मग माझ्या कानाशी वाकली.

"तिला अजून तितंच ठेवलंय व्हय?"

किल्ली माझ्या खिशात होती.