पुसायची राहिलेली वाट

मद्रासच्या तिरुवल्लिकेणीतल्या त्या घराच्या गच्चीवर कंदील एकच होता आणि त्याच्याभोवती चार पोरं निळे कागद फाडत बसली होती. चौसष्ट सालच्या डिसेंबरातली शनिवारची रात्र. गल्लीतली वीज जेवणं उरकताना गेली ती आलीच नव्हती. समुद्रावरून वारा येत होता, म्हणून विजयकुमारनं कागदांच्या ढिगावर पितळी लोटा ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी तांबरमपलीकडच्या टेकड्यांत त्यांच्या कॉलेजची सशाची दौड होती. एकजण ससा होतो. खांद्याला पिशवी लावून तो पुढं पळतो आणि झाडीतून, दगडांतून कागदाचे तुकडे टाकत जातो. बाकीचे थोड्या वेळानं सुटतात आणि त्या तुकड्यांच्या मागावरून त्याला गाठायला बघतात. कागद दिसला की ओरडायचं, "पेपर!" यंदाचा ससा विजयकुमार होता.

त्याचे मामा नारायणस्वामी, रेल्वेच्या हापिसातले जुने कारकून, कठड्याला टेकून पान जुळवत होते. त्यांनी विचारलं, "काय रे विजया, खोटी वाट घालणार काय?"

"घालणार की मामा! नाहीतर मजा काय? फाट्यावरून डावीकडं, जुन्या दगडखाणीपर्यंत. सगळे बोंबलत तिकडं जाणार, पुढं कडा बघणार आणि मला शिव्या घालत परत फिरणार."

"सरी, बरं. मग ती पुसणार कोण?"

"पुसायची कशाला? वारा पुसतो."

पोरं हसली. मामांनी जुळवलेलं पान तसंच तबकात ठेवलं.

"कंदील बारीक कर," ते म्हणाले. "गुरुराज म्हणून एक होता आमच्या हापिसात. त्याची गोष्ट सांगतो. तुम्ही कॉलेजवाले भूतबीत मानत नाही, ठाऊक आहे मला. नका मानू. ऐका फक्त."

*

गुरुराज तंजावरी मराठी घरातला, मद्रासला वाढलेला, अंगानं वेताच्या काठीसारखा. त्रेपन्न साली तो ऐन पंचविशीत होता आणि हापिसातल्या तरुणांच्या मंडळात त्याच्यासारखा ससा दुसरा नव्हता. त्या मंडळात खोट्या वाटेला मुभा होती, पण नियम कडक होता. दौड संपली की सशानं अंधार पडायच्या आत परत जायचं आणि खोट्या वाटेवरचा कागद न् कागद उचलायचा. मागं राहिलेलं कुणी तिकडं जाऊ नये म्हणून. याला ते वाट पुसणं म्हणायचे.

मागं राहणारा ठरलेला होता, अशोक दाबके. नाशिकचा, नुकताच नोकरीला लागून आलेला, इथंच एका मॅन्शनमध्ये, म्हणजे सड्या नोकरदारांच्या चाळीत, खोली घेऊन राहणारा. अंगानं जड. पळताना त्याचा डावा पाय जमिनीला घासायचा. सगळे "पेपर!" ओरडायचे, हा एकटा "कागद!" असं ओरडायचा आणि तेही बाकीचे पार पुढं गेल्यावर. लोक हसायचे. गुरुराज जरा जास्तच हसायचा.

जानेवारीतला, पोंगलनंतरचा रविवार होता. गुरुराजनं कुठल्याशा नाटकाच्या गुलाबी जाहिराती फाडून पिशवी भरली होती आणि खोटी वाट फाट्यावरून डावीकडं, त्याच दगडखाणीपर्यंत घातली होती. त्या दिवशी तो कुणाला सापडला नाही. टेकडीच्या पायथ्याशी चिंच होती, तिथं दौड संपायची. तिथं त्याच्या गळ्यात हार पडला, कॉफी आली, फोटोवाला आला. कप्तानानं विचारलं, "वाट पुसलीस काय रे?"

ऊन अजून होतं. फोटो झाला की जाऊ, असं गुरुराजच्या मनात होतं. पण सगळे त्याच्याकडं बघत होते, गळ्यात हार होता, आणि नाही म्हणायला जीभ वळेना.

"पुसली," तो म्हणाला.

मग फोटो झाला. मग गाडीची वेळ झाली. अशोक कुठाय, असं कुणीतरी विचारलं; तो कंटाळून आधीच स्टेशनावर गेला असेल, असं दुसरं कुणी म्हणालं. गुरुराज गाडीत खिडकीशी बसला. हार त्याच्या मांडीवर होता.

तिसऱ्या दिवशी शेळ्या चारणाऱ्यांना अशोक खाणीच्या तळाशी सापडला. तोवर गुलाबी कागद वाऱ्यानं कुठल्या कुठं नेले होते. चौकशी झाली. गुरुराजनं पुन्हा तेच सांगितलं, पुसली होती. मग सगळ्यांनी ठरवलं की अशोकच वेंधळ्यासारखा भरकटला.

त्याचे वडील आले. वसंतराव, शाळामास्तर. जाताना ते मंडळातल्या एकेकापुढं उभे राहिले. "आमच्या अशोकचं लहानपणापासून लक्षच नसायचं," ते म्हणाले. "तुम्हा मंडळींना फार मनस्ताप झाला. क्षमा करा." गुरुराजपुढंही त्यांनी हात जोडले.

गुरुराजनंही जोडले. त्यानंतर तो कधी पळाला नाही.

दहा वर्षं गेली. त्रेसष्ट साली पोंगलनंतरच्या रविवारी दुपारी मास्तर त्याच्या दारात उभे. रामेश्वरला जाऊन परत निघाले होते, रात्रीची गाडी होती. पिशवीत एक पणती, तेलाची बाटली, वाती.

"अशोकच्या जागी एवढा दिवा ठेवायचाय. तुम्हाला वाट माहीत आहे ना?"

वाट माहीत नाही असं तो कुठल्या तोंडानं म्हणणार? दोघं तांबरमला उतरले. चिंचेपर्यंत पोचेतो सूर्य टेकडीमागं गेला होता. मास्तर गुडघे धरून तिथंच बसले.

"तुम्हीच जाऊन या," ते म्हणाले. "तुम्ही पळणारे."

गुरुराज वर निघाला. एका हातात टॉर्च, एका हातात पणती. चंद्र उशिरा उगवणार होता. काटेरी झुडपं वाटेवर वाढली होती, पण पायांना वाट आठवत होती. फाटा आला. डावीकडं खाण.

तो थांबला.

डावीकडं टॉर्च मारला. काही नव्हतं. झुडपं, दगड. तरी पाय उचलेना. त्यानं फाट्यावरच पणती ठेवली, वात पेटवली. खालून म्हाताऱ्याला काय दिसणार आहे? ठेवली, असं सांगायचं. तेवढंच तर सांगायचं होतं.

तो वळला आणि उतरू लागला.

थोडं उतरल्यावर टॉर्चच्या उजेडात काहीतरी दिसलं. कागदाचा तुकडा. वारा कुठून कुठून कचरा आणतो. तो पुढं गेला. आणखी एक. पुढं आणखी.

गुलाबी.

त्यानं टॉर्च विझवला. पुन्हा लावला. होते तिथंच. एकाच्या पुढं एक, तो स्वतः टाकायचा तेवढ्याच अंतरावर. उतरणीनं जात होते. उतरण म्हणजे चिंच. चिंच म्हणजे माणूस. तो त्यांच्यावरूनच चालू लागला.

मागं काहीतरी घासलं.

एक पाऊल. मग घासलेलं पाऊल. मग...

दुरून, धापा टाकत, कुणीतरी ओरडलं.

"कागद!"

गुरुराज पळाला. दहा वर्षांनी पळाला. काटे लागले, धोतर फाटलं. कागद समोर येत होते आणि तो त्यांच्या मागं जात होता. विचार नव्हता. मागं ते पाऊल. ना जवळ येत होतं, ना लांब जात होतं.

"कागद!"

मग कागद संपले.

समोर दिवा होता. पणती. त्याचीच. फाट्यावर ठेवलेली. ज्योत सरळ उभी... आणि दिव्यापलीकडं जमीन नव्हती.

तो कड्यावर उभा होता.

मागचं पाऊल थांबलं. अगदी मागं. कुणी ढकललं नाही. कुणी काही बोललं नाही. फक्त श्वास... दमलेल्या, जड माणसाचा. वाट बघणारा.

काय विचारलं जातंय, ते गुरुराजला कळत होतं.

"नाही," तो म्हणाला. पुन्हा म्हणाला. "नाही पुसली रे अशोक. मी... खोटं बोललो."

...

बऱ्याच वेळानं तो वळला. कुणी नव्हतं. टॉर्च फिरवला. एकही कागद नव्हता.

खाली मास्तर चिंचेला टेकून बसले होते. "दिसला हो दिवा," ते म्हणाले. "अगदी कड्यावर. एवढा वारा, पण हलला नाही. तुमचे उपकार झाले."

मान हलवली असती तरी भागलं असतं. म्हाताऱ्यानं स्वतःच्या डोळ्यांनी दिवा पाहिला होता. पण ते उपकार गुरुराजच्या कानाला चटका लावून गेले.

"मास्तर, मी दिवा फाट्यावरच ठेवला होता," तो म्हणाला. "आणि ती वाट मी पुसली नव्हती. अशोक भरकटला नाही. माझ्या कागदांवरून गेला. नीट बघत, एकेक कागद शोधत गेला."

मास्तर उठून स्टेशनाकडं चालू लागले. एग्मोर स्टेशनात उतरताना त्यांनी विचारलं, "म्हणजे त्याचं लक्ष होतं?"

"होतं."

"त्याची आई गेली चार वर्षांपूर्वी. त्याला बोल लावत गेली. मीही लावत होतो." पिशवी त्यांनी स्वतःच उचलली. गुरुराजनं पुढं केलेला हात तसाच राहिला. "तेव्हा मी तुमच्यापुढं हात जोडले होते ना? आठवतंय मला."

एवढंच बोलले आणि गर्दीत गेले.

*

"शिवी दिली असती तर बरं झालं असतं, म्हणायचा गुरुराज," नारायणस्वामी म्हणाले. "मग त्यानं बदली मागून घेतली. गुंटकलला. इकडं पुन्हा आला नाही."

कंदील फडफडला.

"अय्यो मामा," विजयकुमार शेवटी म्हणाला, "घाबरला असेल तो. घाबरलेल्याला काय वाटेल ते दिसतं."

"असेल बाबा," म्हणून मामांनी पान तोंडात टाकलं.

रविवारी दौड झाली. विजयकुमार कुणाला सापडला नाही. त्याच चिंचेखाली कॉफी आली, हार आला, मित्र त्याला खांद्यावर घ्यायला धावले. त्यानं हार काढून फांदीला अडकवला आणि कुणाला न सांगता फाट्याकडं निघाला. ऊन अजून होतं. वारा दुपारीच पडला होता. खऱ्या वाटेवर त्याचे निळे कागद जिथल्या तिथं पडलेले होते.

फाट्यावरून तो डावीकडं वळला.

त्यानं स्वतः टाकलेला एकही कागद त्या वाटेवर नव्हता. त्यानं झुडपांखाली पाहिलं, दगडांच्या फटींत पाहिलं. कड्यापर्यंत गेला.

कड्याजवळ एका सपाट दगडावर निळ्या तुकड्यांची चळत होती. नीट, एकावर एक रचलेली. उडू नये म्हणून वर खडा ठेवलेला.

आणि खड्याखाली, सगळ्यांत वर, एक तुकडा गुलाबी होता.