राजाला मारलेली हाक

जिन्याच्या वळणावर आम्ही एकमेकांवर आदळलो आणि माझी प्रुफं पायऱ्यांवर पसरली. मी छापखान्यातली मुद्रितशोधक. तो बायबल ग्रीकमधून थेट मराठीत आणणारा भाषांतरकार, आणि तो माझ्याशीच भांडायला खाली येत होता.

काट्यांचा मुकुट घातलेल्या येशूला शिपाई चेष्टेनं मुजरा करतात, तिथे त्यानं एका शुभवर्तमानात ‘हे राजा’ लिहिलं होतं, दुसऱ्यात ‘राजेसाहेब’. मी दोन्हीकडे ‘हे राजा’ करून टाकलं होतं.

“ती चूक नव्हती हो,” प्रुफं गोळा करता करता तो म्हणाला. मूळ ग्रीकमध्ये एकीकडे संबोधन आहे, ‘बासिलेउ’, खऱ्या राजाला मारावी तशी हाक. दुसरीकडे साधी प्रथमा विभक्ती, ‘हो बासिलेउस’. त्यात त्याला कुत्सितपणा ऐकू यायचा, म्हणून ‘राजेसाहेब’. सगळ्याच जाणकारांना ते पटतं असं नाही, हेही त्यानं सांगून टाकलं. मला तेच आवडलं.

मग तो रोज शंका घेऊन येऊ लागला. शंका एवढीशी... चहा मात्र रेंगाळायचा.

“आणि राणीला कशी हाक मारतात?” मी एकदा मान वर न करता विचारलं.

“बासिलिस्सा. मारून बघू?”

माझे कान तापले. ‘अहो’चं ‘अरे’ कधी झालं, कळलंच नाही.

संपादक मंडळाचे अध्यक्ष त्याचे मामा. वडील गेल्यावर त्यांनीच त्याला वाढवलेलं. बैठकीत ते म्हणाले, वाचकांचा गोंधळ नको, दोन्हीकडे एकच रूप ठेवा. त्यानं मान डोलावली. शेवटी मीच उठून त्याची बाजू मांडली. तो टेबलाकडे बघत राहिला. मामांनी हसून मला बसायला सांगितलं.

व्हरांड्यात मी त्याला गाठलं. “आपल्याबद्दल तरी बोललास त्यांच्याशी?”

“बोलणारच होतो गं... पण त्यांनी एक मुलगी बघितलीय.”

“आणि तू हो म्हणालास.”

त्यानं बैठकीच्या दाराकडे पाहिलं. मग खाली वाकून कुजबुजला, “माझं प्रेम तुझ्यावरच आहे.”

“मोठ्यानं म्हण.”

तेवढ्यात दार उघडून मामा बाहेर आले. तो माझ्यापासून एक पाऊल बाजूला सरकला — त्यांना वाट द्यायला, असं कुणालाही वाटलं असतं.

त्याच्या लग्नाची पत्रिका आली, ती सगळ्या छापखान्याला मिळून एकच.