शेवटचा फास

"ताट तिथंच ठेव आणि जा. तुझ्या हातातून घ्यायला मी अजून मेलेलो नाही!"

सासऱ्यांचे शब्द रोजचेच, पण सुतारणीच्या काळजाला ते रोज नव्यानं घरं पाडत. तिनं बाकावरचा भुसा हातानं बाजूला सारला आणि ताट ठेवलं. नवरा गेला तेव्हापासून, बारा वर्षं, हे असंच चाललं होतं. ती दाराआड झाली की म्हातारा मुकाट्यानं जेवून घेई. राग कितीही मोठा असला तरी पोटापुढं त्याचं काही चालत नसे!

आज मात्र तिचा पाय दारातून निघेना... चर्चच्या मनोऱ्यातली घंटेची तुळई बदलायची होती आणि वर चढणार होती तिची लेक. पोरीला सगळे खारूताई म्हणत, कारण धड चालता येण्याआधीच ती फळ्यांच्या ढिगावर चढायला शिकली होती. ज्या तुळईवरून तिचा बाप कोसळला, तिच्याकडेच ती आज निघाली होती! आणि म्हाताऱ्यानं सकाळीच बजावलं होतं, "नातीचा दोर मीच बांधणार."

त्या दिवशीही दोर त्यांनीच बांधला होता.

करवतीनं सासऱ्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं नेली, तेव्हापासून गाठीचा शेवटचा फास त्यांच्याकडून नीट आवळला जात नसे. पण ते कबूल करतील तर शपथ! नवऱ्याचा पाय घसरला, दोर ताणला, आणि गाठ... गाठ सुटली. सर्वांत आधी धावत पोचली ती. तिचा सगळा संसार फरशीवर निपचित पडला होता आणि कमरेशी तो सुटलेला फास अडकून होता. हे त्याच्या बापाला कळलं तर तो जगेल कसा? तिनं दोर ओढून काढला, कोपऱ्यात भिरकावला, आणि माणसं जमली तेव्हा म्हणाली, "दोर अडतोय म्हणत होते... मीच म्हटलं, सोडून टाका."

मग काय, सगळं खापर तिच्याच माथी फुटलं! नातलगांनी पाठ फिरवली, गिऱ्हाइकं तुटली, साठवलेल्या लाकडाला वाळवी लागली, लेक तापानं फणफणून मरणाच्या दारातून परत आली. तरी ही बाई दर रविवारी चर्चच्या शेवटच्या बाकावर गुडघे टेकून एवढंच मागे, "प्रभू, क्रूस तूच दिलास, आता खांदाही तूच दे." आणि सोमवारी पदर खोचून पुन्हा रंधा हातात घेई.

मनोऱ्याखाली म्हाताऱ्यानं दोर उचलला. खारूताई हसत उभी होती, "आजोबा, लवकर! तोवर मी अशीच चढून उतरेन."

"बाबा, द्या इकडं, मी बांधते," सुतारीण पुढं झाली.

"तू? तू बांधणार? माझ्या मुलाला दोर सोडायला लावणारी तू?"

सत्य तिच्या ओठांवर आलं. एकच वाक्य बोलायचं होतं. लेक वाचली असती, बारा वर्षांचा कलंक धुऊन निघाला असता! पण समोरचा तो पांढरा, वाकलेला जीव... तिनं डोळे मिटले. उघडले तेव्हा तिचा आवाज शांत होता.

"मग माझ्या कमरेला बांधा, बाबा. पोरगी खाली राहील. मी चढते."

"आई, काहीतरीच काय!" खारूताई ओरडली, पण आईनं तिला हातानं मागं सारलं.

म्हाताऱ्यानं दोर तिच्या कमरेभोवती घेतला. एक वेढा... दुसरा... आणि शेवटच्या फासाशी त्यांचे हात थांबले. ते मटकन खाली बसले.

"नको, चढू नकोस गं! माझी गाठ सुटते... मला ठाऊक आहे, पोरी. तेव्हापासून ठाऊक आहे!"

"बाबा...?"

"तू दोर काढताना मी मनोऱ्याच्या दारातून पाहिलं होतं. पुढं होऊन बोलायची छाती झाली नाही. तू माझं पाप डोक्यावर घेतलंस आणि मी... मी ते घेऊ दिलं! तुझं तोंड दिसलं की माझे हात दिसायचे मला, म्हणून तुला दाराआड घालवत होतो. आज वाटलं, एकदा तरी नीट बांधून दाखवावं. नाही जमत गं... नाही जमत!"

सुतारणीला काय वाटलं? आधी संताप. हो, संतापच! केवढं आयुष्य या माणसानं तिला जाणूनबुजून जाळलं होतं! तिनं वर पाहिलं. तिथं नुसती अर्धवट कुजलेली तुळई होती. मग इतक्या वर्षांचं रडू एकदमच फुटलं, आणि ती त्यांच्याजवळ जमिनीवर बसून ओक्साबोक्शी रडली. म्हाताऱ्यानं तीन बोटांचा हात तिच्या डोक्यावर ठेवला.

शेवटी तिनंच डोळे पुसले, लेकीच्या कमरेला दोर बांधला आणि फास आवळला. म्हाताऱ्यानं तो ओढून पाहिला, पुन्हा पाहिला. खारूताई वर चढली.

घरी परतल्यावर बाकावरचं ताट तसंच होतं, गार झालेलं.

"आज नाही गेलं घशाखाली," ते खाली मान घालून म्हणाले. "सूनबाई... वाढशील?"

तिनं अन्न गरम केलं. पण ताट बाकावर ठेवलं नाही. हातात धरून उभी राहिली. म्हाताऱ्यानं दोन्ही हात पुढं केले.