नकाराचे हातमोजे

स्कॉटलंडमधल्या स्टर्लिंगच्या किल्ल्यावर त्या दिवशी वारा असा सुटला होता, की कर्स्टीची टोपी डोक्यावरून उडाली ती थेट तिथल्या गाइडच्या छातीवर जाऊन आदळली.

त्यानं ती आणून दिली. तिचे लालभडक झालेले हात पाहिले आणि स्वतःचे लोकरी हातमोजे काढून पुढे केले.

"घाला हे. फेब्रुवारीत उघड्या हातांनी इथे वर? पैजबिज लावली होती का कुणी?"

कर्स्टीनं हातमोजे चढवले मात्र, बरोबरच्या मोरॅग मावशी किंचाळल्याच, "अगं बाई! एकोणतीस फेब्रुवारी आज! मेल्या, नकार दिलास की माझ्या भाचीला!"

गाइड कानापर्यंत लाल झाला. चार वर्षांनी येणाऱ्या या तारखेला मुलीनं लग्नाचं विचारायचं, आणि नाही म्हणणाऱ्यानं तिला हातमोजे द्यायचे – अंगठी नसलेलं बोट झाकायला. ही रीत तिथे शेंबड्या पोरालाही ठाऊक.

"पण यांनी मला विचारलंय कुठे?"

"न विचारताच नकार!" कर्स्टी म्हणाली. "इतकी वाईट दिसते मी?"

"नाही हो! म्हणजे… दिसायला… द्या बघू ते इकडे."

"आता कसले देते! छान ऊब आहे."

त्याचं नाव ग्रेगर. मावशींचे गुडघे नेमके कॅफेच्या दारात दुखायला लागले, आणि त्या स्कोन खात तिथेच बसल्या. ही दोघं तटावरून फिरली. राजेराण्यांबद्दल त्यानं बहुधा बरंच सांगितलं. तिच्या लक्षात राहिलं ते एवढंच, की हसताना तो आधी खाली बघतो.

हे काही बरं नव्हे, तिनं स्वतःला बजावलं. दोन वर्षांपूर्वी तिनं एकाला आपणहून विचारलं होतं. तो हसला होता… कीव आल्यासारखा. तेव्हापासून तिनं कुणाला काही विचारणंच सोडलं होतं.

घरी, पर्थला जायची गाडी सव्वाचारची. निघताना दरवाज्याशी ग्रेगरनं हात पुढे केला.

"हातमोजे."

"एवढी घाई?"

"नकार मागे घेतोय." तो खाली बघत म्हणाला. "आता… तुला काही विचारायचं असेल, तर विचार."

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही.

"तूच विचार ना."

"मी काय, उद्याही विचारीन. आजचा दिवस तुझा आहे."

तिनं हातमोजे काढून दिले. नाही म्हणालाच, तर 'गंमत केली रे' म्हणायचं आणि उतारावरून तडक स्टेशन गाठायचं, हे तिनं ठरवूनही टाकलं.

"लग्नाचं नाही हं," ती म्हणाली. "पण… रविवारी पर्थला येशील? मला भेटायला?"

"येईन."

"नीट विचार करून सांग."

"केला. येईन."

होकाराची तयारी तिनं केलीच नव्हती. "बरं," ती म्हणाली, आणि भर दरवाज्यात तिला रडू फुटलं.