बनाबाईची धाप

दोन हजार चार साली मी वसमतच्या जनावरांच्या दवाखान्यातून निवृत्त झालो. खोकला काही सुटेना, म्हणून नांदेडला छातीचा फोटो काढला. उजव्या फुप्फुसात शेंगदाण्याएवढा ठिपका. सुईनं तुकडा काढून तपासला, तर कॅन्सर. डॉक्टर मात्र खुशीत होते.

"वेळेत सापडला. अजून कुठं पसरला नाही. तेवढा भाग कापला की तुम्ही मोकळे. घरच्यांना विचारा आणि सोमवारी सांगा."

घरचे म्हणजे कोण? बायकोला, बनाबाईला, जाऊन वर्ष झालं होतं. दम्यानं गेली. जन्मभर मी तिच्या धापेला वैतागलो आणि ती थांबल्यावर घर मला खायला उठलं.

शेवटी तिच्या भावाकडे गेलो. ज्ञानबा माळावर मेंढ्या राखत होता. खोकणाऱ्या मेंढीचं नाक दाबून बरगडीला कान लावायचा, ही आम्हा धनगरांची जुनी रीत. नोकरीत शिरल्यापासून मी तिची टिंगलच करत आलो.

"दाजी, सदरा काढा. बघू तर द्या."

मी हसत काढला. त्यानं माझं नाक दाबलं, पाठीला कान लावला. मी श्वास रोखला.

ज्ञानबा झटकन मागं सरकला.

"तुमी दम घेतला का?"

"न्हाई."

"मंग आत कोन घेऊन राहिलं?" त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "शेवटाला बारीक शिट्टी वाजते. दाजी, ही आमच्या आक्काची धाप हाय."

घरी येऊन मी दार लावलं आणि स्वतःच नाक दाबलं. तीच होती. त्या दिवशी मी वर्षभरानं पोटभर जेवलो.

सोमवारी डॉक्टरांना म्हणालो, "राहू द्या."

"अहो, आता काढलं तर जगाल!"

"राहू द्या साहेब. सोबत हाय."

दिवाळीनंतर खोकल्यातून रक्त पडलं. ज्ञानबानं बळंच नांदेडला नेलं. नव्या फोटोत डावीकडेही ठिपका होता, मुगाएवढा. आता कापून उपयोग नाही, असं डॉक्टर म्हणाले.

परतीच्या एसटीत मी श्वास रोखला.

उजवीकडे बनाबाई होती.

डावीकडे आणखी कुणीतरी इवलासा श्वास घाईघाईनं घेत होतं. आमचं एकुलतं लेकरू बारशाआधीच गेलं होतं.

मी खिडकीची काच ओढून घेतली. त्याला वारं लागलं असतं.