मंगळावरची चूल

मोबाइलच्या पडद्यावर रेणू गाढ झोपली होती. उजवा हात गालाखाली, गुडघे पोटाशी, अंगावर पिवळी चादर. सुहिताने चहाचं आधण ठेवलं, पुन्हा एकदा पडद्याकडे पाहिलं आणि गॅस बारीक करून आतल्या खोलीकडे निघाली.

"अगं, दिसतेय ना त्यात झोपलेली? मग कशाला जातेस?" लसूण सोलता सोलता सासूबाई म्हणाल्या. "तुझ्या चाहुलीनेच उठेल ती."

"नुसती बघून येते, आई."

पडदे ओढलेल्या खोलीत रेणू पाळण्यात चक्क बसली होती आणि निळ्या चादरीचं टोक चघळत होती. आईला पाहून ती एकुलता एक दात दाखवून हसली.

सुहिताने हातातल्या मोबाइलकडे पाहिलं. तिथली रेणू अजून झोपलेलीच होती. आणि तिच्या अंगावरची ती पिवळी चादर तर सकाळीच धुऊन दोरीवर गेली होती.

यात नवल असं काही नव्हतं. हल्ली घरोघरच्या कॅमेऱ्यांत 'पूरक' असायचा. अंधार, धूर, तुटलेलं नेटवर्क, कशामुळे का होईना, चित्राचा जो भाग मिळत नाही तो पूरक आधीच्या चित्रांवरून अंदाजाने भरून काढायचा. चित्रात भोक म्हणून राहायचं नाही. लोक खूश होते. कंपन्यांनी तोच पूरक मंगळाभोवती फिरणाऱ्या यानातही बसवला होता, कारण तिकडे धुळीची वादळं उठली की निम्मं चित्र वाटेतच हरवायचं.

मंगळ आठवला आणि सुहिता चहा विसरली.

उद्या सकाळी दोन माणसं मंगळावर उतरणार होती, आणि नेमकी तिथेच, जिथे तिच्या मिरजेच्या हौशी आकाश मंडळाला त्या यानाच्या चित्रांत तीन दगड दिसले होते.

तिने रेणूला कडेवर घेतलं, डायपरची पिशवी खांद्याला अडकवली आणि सासूबाईंना "आप्पांकडे जातेय" एवढंच सांगून रिक्षा पकडली.

आप्पा आवटींचं चष्म्याचं दुकान आता मुलगा चालवायचा. वरची खोली मंडळाची. चष्म्याच्या भिंगांवर पोट भरून उरलेलं सगळं आयुष्य आप्पांनी दुर्बिणीचे आरसे घासण्यात घालवलं होतं. सुहिता शाळेत असताना त्यांच्याच दुर्बिणीतून तिने शनीची कडी पाहिली होती, आणि ती खरी आहेत की आत कुणी चित्र चिकटवलंय, हे बघायला नळीच्या पुढच्या तोंडाशी जाऊन आली होती. सगळी मुलं हसली. आप्पा तेवढे हसले नव्हते. "बघून घ्यावं," म्हणाले होते.

आज खोलीत पेढ्यांचा वास होता. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर तांबूस सपाट जमीन आणि तिच्या मधोमध तीन दगड, चुलीला मांडावेत तसे. जगभरच्या बातम्यांनी त्याला 'मंगळावरची चूल' असंच नाव दिलं होतं. मांडणी आपोआप झालेली की कुणी केलेली, हे जवळून पाहायचं म्हणून मोहिमेने उतरायची जागाच बदलली होती. जमीन सपाट दिसत होती, त्यामुळे धोकाही नव्हता.

"या या, चुलीवाल्या मावशी!" तंबोरे बनवणारे यासीनभाई शिकलगार म्हणाले. मंडळातला हा सगळ्यात बोलका माणूस. "छोट्या मॅडमपण आल्या. आप्पा, हिला सांगा, उद्या तुमचं नाव मंगळावर जातंय."

"माझं कशाला? मंडळाचं." आप्पांनी रेणूच्या हातात मऊ कापड दिलं. "काय गं पोरी? चेहरा का असा?"

"आप्पा, सुटी चित्रं बघायची आहेत. चळतीतली नकोत, एकेक."

यासीनभाई हसले. "एकटं चित्र थापा मारतं, चळत खरं बोलते! विसरलीस काय?"

ते मंडळाचं ब्रीदच होतं. एका चित्रात धूळ असते, कॅमेऱ्याचा दोष असतो. म्हणून एकाच जागेची पुष्कळ चित्रं एकावर एक रचायची, त्यांची सरासरी काढायची. खोटं असेल ते पुसट होत जातं, खरं असेल ते उठून दिसतं. या वाटेने आप्पांनी आजवर गुरूवरची वादळं टिपली होती, चंद्रावरची बारीक विवरं पकडली होती. तीन दगड प्रत्येक चित्रात होते, म्हणून चळतीत ते ठसठशीत उतरले होते.

"चळत कधी खोटं बोलते, सांगू?" सुहिता म्हणाली. "सगळ्यांनी मिळून एकच थाप मारली तर."

आप्पांची मान वर झाली.

"सावल्या बघा, आप्पा. काही चित्रं मंगळावरच्या सकाळची आहेत, काही दुपारची. चळतीत आजूबाजूच्या खड्यांच्या सावल्या फराटल्यासारख्या आहेत. बरोबरच आहे, ऊन फिरलं की सावली फिरणार. पण या तिघांची सावली?"

"रेखीव," यासीनभाई नकळत बोलून गेले. महिनाभर सगळे याच रेखीवपणाचं कौतुक करत होते.

आप्पांनी स्वतः एकेक चित्र काढलं. सकाळ. दुपार. कलतं ऊन. खड्यांच्या सावल्या घड्याळाच्या काट्यासारख्या फिरत होत्या. तीन दगडांची सावली ठोकल्यासारखी जागच्या जागी.

"पूरकाने मांडली ही चूल," सुहिता हळूच म्हणाली. "प्रत्येक वेळी तोच अंदाज. तिथे खरं काय आहे ते कुणीच पाहिलेलं नाही. आणि उद्या ती दोघं..."

"चुकली असशील तर?" यासीनभाईंचा आवाज उतरला होता. "आप्पांना ऐंशी वर्षांत पहिल्यांदा एवढं..."

"यासीन." आप्पांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. "फोन लाव केंद्राला."

बंगळूरच्या मोहीम-केंद्रातल्या बाई गडबडीत होत्या. यासीनभाईंनी फोन सर्वांना ऐकू येईल असा ठेवला. बाई म्हणाल्या, "आवटीसाहेब, सगळं जग बघतंय. आता तुम्ही म्हणताय दगड नाहीत? तुम्हाला खात्री आहे?"

"खात्री एवढीच आहे, की आम्हाला काही दिसलेलं नाही," आप्पा म्हणाले. "आम्ही सांगितलं, चूक आमची. तसं जाहीर करा, माझ्या नावानिशी. पण त्या जागेचं पूरक न लावलेलं चित्र आधी बघा. माणसं खाली सोडू नका."

सुहिता त्यांच्याकडे पाहत राहिली. आपली जन्मभराची पुंजी इतक्या सहज परत करता येते माणसाला?

बराच वेळ गेला. रेणूचं दूध झालं, ढेकर झाला. मग कच्चं चित्र आलं, आणि त्याच्याबरोबर बाईंचा आवाज, अगदी हलका: "उतरणं थांबवलंय."

पडद्यावर दगड नव्हते. तिथे काळा, गोल डाग होता.

"माहिती वाटेत हरवली म्हणून काळं?" यासीनभाईंनी विचारलं.

"हरवली तर पांढरी पट्टी येते," आप्पा म्हणाले. "हे काळं कॅमेऱ्याने पाहिलेलं काळं आहे. भोक आहे ते. इतकं खोल, की भर दुपारीही तळाला उजेड पोचत नाही. पूरकाला वाटलं, काहीतरी राहून गेलंय. त्याने बुजवलं."

यान सपाट जमीन समजून त्या भोकात उतरलं असतं. सुहिताने रेणूला छातीशी घट्ट धरलं, इतकं की ती कुरकुरली.

"आप्पा, एवढी मोठी गोष्ट सापडली!" यासीनभाई एकदम म्हणाले. "चुलीपेक्षा मोठी! नाव तुमचंच..."

पण आप्पांचं लक्ष नव्हतं. ते भिंतीवरच्या मंगळाच्या नकाशाकडे बघत होते. सुंदर, सलग, कुठेही डाग नसलेला नकाशा. वर्षानुवर्षं त्यांनी तो लोकांना समजावून सांगितला होता.

"पोरी," ते म्हणाले, "यात पूरकाने बुजवलेलं किती असेल?"

"माहीत नाही, आप्पा. त्याला भोक ठेवायचं नाही असंच शिकवलंय आपण."

आप्पा खुर्ची पडद्याजवळ ओढून बसले. त्यांच्या चेहऱ्यावर हरल्याची खूणसुद्धा नव्हती. उलट डोळे असे लकाकत होते, जणू त्यांना कुणीतरी आत्ताच सांगितलं होतं की आकाशात मंगळ नावाचं काहीतरी आहे.

"मग खरा मंगळ," त्यांनी विचारलं, "अजून कुणी पाहिलाय का?"