हाराचे दोन खिळे

गौरांग, तो मोबाइल उलटा ठेव. हिमानी, जिन्याजवळ बसू नकोस, नंतर एकटीने खाली जायला तूच कुरकुर करशील. भुतंबितं मी मानत नाही, हे आधीच सांगतो. पण ही गोष्ट माझ्या शेजारच्या नत्थूजींची आहे. त्यांच्या तोंडून मी ती तीनदा ऐकली, आणि तिन्ही वेळा शब्दाचाही फरक नव्हता.

नत्थूजी नागपुरात इतवारीत फोटो मढवतात. चाळीस वर्षं झाली. फोटो गेलेल्या माणसाचा असला, की फ्रेमच्या वरच्या पट्टीवर ते पितळेचे दोन बारीक खिळे ठोकतात, हार अडकवायला. म्हणून गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न ठरलेला, "माणूस हाये का गेला?" हयात माणसाच्या फ्रेमला ते खिळे लावायचे नाहीत, ही त्यांच्या वडिलांची शिकवण.

त्यांची बायको कुसुमताई नेहमी चिडवायच्या. "अख्ख्या नागपूरचे फोटो मढवता जी, घरात माहा एक फोटो नाई. मी मेल्यावर हार कायच्यावर घालसान?" नत्थूजी हसायचे आणि विषय टाळायचे. सोनाराच्याच बायकोचे कान बुच्चे, दागिन्यावाचून, तसलंच ते.

धरमपेठेत एका बंगल्यात फोटोंचा संग्रह आहे. साध्यासुध्या माणसांचं रोजचं जगणं, असे फोटो. संग्रहवाल्यांनी चाळीस नवे फोटो विकत घेतले होते. फ्रेमसकट, कागदात गुंडाळलेले आले. भिंतीवर लावायचं काम नत्थूजींकडे. तिथल्या रीना मॅडमना नत्थूजींच्या दुकानातले पितळी खिळे फार आवडले.

"काका, सगळ्या फ्रेमना हे लावा. किती छान दिसून राहिले."

"म्याडम, जित्त्या माणसाच्या फोटोले हे नाई लावत."

"कोण जिवंत, कोण नाही, कुणाला माहीत? चाळीसही एकसारखे दिसले पाहिजेत."

नत्थूजींची नाही म्हणायला जीभ रेटली नाही. मला याचाच राग येतो. चाळीस वर्षांचा नेम, आणि एका 'छान'साठी मोडला. कागद वरून जरासा फाडायचा, दोन खिळे ठोकायचे, पुढची फ्रेम घ्यायची. आतलं माणूस कोण, ते पाहिलंसुद्धा नाही.

तीस डिसेंबर दोन हजार चोवीस. सोमवार, अमावस्या. रीना मॅडम सात वाजता किल्ली देऊन गेल्या. साडेसातला भिंतीवर लावायची शेवटची फ्रेम उरली. नत्थूजींनी कागद काढला.

कळमन्याचा संत्राबाजार. ढिगाच्या कडेला बसून संत्री निवडणारी एक बाई. कॅमेऱ्याकडे बघून हसणारी.

कुसुमताई.

कुणी, कधी काढला, देव जाणे. वर दोन खिळे चमकत होते.

त्यांनी घरी फोन लावला. कुसुमताईंनी उचलला.

"बरी हायेस ना वं?"

"मले काय झालं? भाजी फोडणीले टाकून राहिले. या लवकर."

त्यांच्या जिवात जीव आला. फोन खिशात ठेवला, पक्कड घेतली. डावा खिळा सहज निघाला. तो शर्टाच्या खिशात टाकला.

उजवा धरला. ओढला.

"हळू जी..."

नत्थूजी थांबले. तुम्हाला वाटेल लाइट गेली असेल. नाही. चारही ट्यूब सुरू होत्या. खोलीत कुणी नव्हतं. फोन कधीच कट झाला होता, त्यांनी पाहिला.

पुन्हा ओढला. खिळा जरासा हलला.

"नका काढू जी... दुखते."

आवाज फ्रेममधून नव्हता. कानाशी होता. तिचाच.

त्यांचा हात उघडला. पक्कड खाली पडली.

...

वर पाहिलं. खिळा नव्हता. नुसतं भोक.

फरशीवर नाही. पकडीत नाही. कुठेच नाही.

नत्थूजी स्कूटरवर वीस मिनिटांत घरी पोचले. भाजी करपली होती. कुसुमताई चुलीपाशी पाटावर बसल्या होत्या, फोटोत बसल्या होत्या तशाच. अंग अजून गरम होतं.

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. असेल. साठीचं वय होतं. पण नत्थूजी मला अजून विचारतात, "अनंतराव, माहा हात थांबला नसता, तं ती वाचली असती काय गा?" मी त्यांच्याजवळ जाऊन बसतो.

आंघोळ घालताना त्यांची सून हर्षा हिने कुसुमताईंची उजवी मूठ उघडली. आणि ती बाहेर आली, आमच्यासमोर तळहात धरून उभी राहिली. पितळेचा बारीक खिळा. नत्थूजींनी खिसा चाचपला. त्यांनी काढलेला डावा खिळा खिशातच होता.

घरात दुसरा फोटो नव्हता. तेरवीला संग्रहवाल्यांनी तोच आणून दिला. मी तिथे होतो. नत्थूजींनी हातातला हार बाजूला ठेवला आणि खिशातला खिळा डाव्या भोकात बसवला. उजव्यासाठी हर्षापुढे हात केला.

तोही बरोबर बसला.